तुळई कुठे टेकली आहे

साताऱ्याला माझ्या आत्याचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, वर्षश्राद्धाच्या जाहिराती, असं काम. १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ साठीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. तेव्हा मी तिच्या संगणकात २४० जीबीची एसएसडी बसवली आणि तिच्यावर विंडोज १० टाकलं. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क आतच राहू दिली, कारण तिचं सगळं काम त्या डिस्कवर होतं. तेव्हापासून संगणक सुरू केला की निळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वर विंडोज १०, खाली विंडोज ७. अर्धं मिनिट थांबून वरची ओळ आपोआप निवडली जायची.

आत्याने ते अर्धं मिनिट तीन वर्षं सोसलं. मग एका दिवाळीत म्हणाली, "अरे, ते जुनं विंडोज काढून टाक ना. कुणी वापरत नाही ते, आणि डी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय."

वाड्याची भिंत पाडायला आलेला जाणता गवंडी आधी पहारीला हात लावत नाही. तो आत-बाहेर फिरतो, वर बघतो, माळवदाची तुळई या भिंतीवर टेकली आहे का ते तपासतो. दुसऱ्या डिस्कवरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढताना नेमकं हेच करायचं असतं. पुसायला दहा मिनिटं पुरतात. खरं काम त्याआधीचं, आणि बहुतेक लोक तेच टाळतात.

डी ड्राइव्ह उघडला की विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, युझर्स अशी ओळखीची फोल्डरं दिसतात. पहिला हात जातो तो विंडोज नावाच्या फोल्डरकडे, आणि डिलीट दाबलं की संगणक सांगतो, यासाठी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर'ची परवानगी लागेल. आपण तर संगणकाचे मालक! मग हा कोण? व्हिस्टापासून विंडोजने आपल्या महत्त्वाच्या फाइलींची मालकी माणसाकडे न ठेवता या नावाच्या एका अंतर्गत सेवेकडे दिली. मालकीची ही नोंद डिस्कवर फाइलीसोबतच लिहिलेली असते. त्यामुळे जुनं विंडोज चालू नसलं, तरी नवं विंडोज ती नोंद वाचतं आणि पाळतं. युझर्समध्ये आपल्याच जुन्या नावाचं फोल्डर उघडताना परवानगी मागितली जाते, तीही याचमुळे. नाव तेच असलं तरी जुन्या विंडोजमधलं खातं वेगळ्या अंतर्गत क्रमांकाचं असतं, आणि संगणक नाव बघत नाही, क्रमांक बघतो.

मालकी आपल्याकडे ओढून एकेक फोल्डर पुसता येतं. मी तो रस्ता सुचवत नाही. वेळ फार जातो, अधेमधे फाइली अडकतात, आणि घाईत एखाद्या वेळी चुकीच्या ड्राइव्हवरची मालकी ओढली जाते. त्याहून बरं म्हणजे हवं ते सगळं बाहेर काढून डिस्क पूर्ण रिकामी करावी आणि नव्याने मांडावी. फक्त 'हवं ते सगळं' म्हणजे काय, याचा नीट विचार हवा.

आत्याच्या डिस्कवर कामाचं फोल्डर वेगळं होतं, ते कुणालाही दिसलं असतं. पण जुन्या युझर्स फोल्डरातल्या डेस्कटॉपवर चारशेच्या वर फाइली होत्या. ज्याला संगणकाच्या खोलात शिरायचं नसतं, त्याच्यासाठी डेस्कटॉप हेच कपाट असतं. त्याच खात्यात ॲपडेटा नावाचं लपलेलं फोल्डर असतं. ब्राउझरचे बुकमार्क आणि बऱ्याच प्रोग्रॅमच्या जुळवण्या तिथे राहतात, आणि लपलेल्या फाइली दाखवायची सोय चालू केल्याशिवाय ते दिसतच नाही. आउटलुक वापरणाऱ्यांचा पत्रव्यवहार अनेकदा एका पीएसटी फाइलीत असतो. टॅली वापरणाऱ्या दुकानदारांचा डेटा अनेकदा सी ड्राइव्हवरच्या टॅलीच्याच फोल्डरात असतो, कागदपत्रांच्या फोल्डरात नव्हे. आणि जुनी डिस्क एके काळी स्वतः सी ड्राइव्ह होती, हे विसरू नये.

मराठीत काम करणाऱ्यांचा ठेवा मात्र आणखी एका ठिकाणी असतो. तो आहे जुन्या विंडोजच्या आतल्या फॉन्ट्स फोल्डरात. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रणालींवर टायपिंग चालायचं, आणि डीटीपीच्या दुकानांत ते आजही चालतं. अशा फाइलीत देवनागरी अक्षरांचे क्रमांक नसतातच. असतात ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक, आणि त्या क्रमांकांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा क काढायचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोळा उरतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक असल्याने एक फॉन्ट नसला तर दुसरा चालतो. इथे तसं नाही. नेमका तोच फॉन्ट लागतो. आत्याकडे पंधरा वर्षांपूर्वीच्या पत्रिकेचा नमुना घेऊन लोक अजून येतात, धाकट्याच्या लग्नात थोरल्याच्या पत्रिकेसारखीच पत्रिका हवी म्हणून. तिच्यासाठी ते फॉन्ट म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांचे खण होते. जुनं विंडोज पुसताना ते खणही भंगारात गेले असते, आणि कोरलड्रॉच्या सगळ्या फाइली शाबूत असूनही वाचता आल्या नसत्या.

म्हणून युझर्स फोल्डर संपूर्ण, फॉन्ट्स फोल्डर संपूर्ण आणि कामाचं फोल्डर असं सगळं एका नव्या बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. उतरवल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार ताडून पाहिला. एवढ्यावर मी थांबत नाही. जुन्यातल्या जुन्या चार-पाच फाइली प्रतीमधून उघडून बघतो, कारण संख्या जुळली म्हणजे फाइल उघडेलच असं नाही. जे कुठेच परत मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत एसएसडीवर ठेवली.

मग संगणक बंद केला. इथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून नेहमीचं शट डाउन म्हणजे पूर्ण बंद होणं असतंच असं नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं, आणि उठताना मागच्या वेळी दिसलेल्या डिस्क तशाच आहेत असं धरून चालतं. त्या अवस्थेत डिस्क काढणं-जोडणं बरं नाही. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन निवडलं की संगणक खरोखर बंद होतो. नंतर भिंतीवरचं बटण बंद केलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही केबली काढल्या, विजेची रुंद आणि डेटाची अरुंद. डिस्क जागच्या जागी. एक बाइटही पुसला नव्हता.

संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही अशा अर्थाची. आत्या मागे उभी होती. "गेलं का सगळं?" तिने विचारलं. काहीच गेलं नव्हतं. तुळई कुठे टेकली आहे ते कळलं होतं. विंडोज १० एसएसडीवर होतं, पण त्याला उठवणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर होत्या. केबली परत लावल्या आणि संगणक पूर्वीसारखा सुरू झाला.

हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. १९८३ मध्ये आयबीएमने १० एमबीची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला आणि सोबत डॉसची दुसरी आवृत्ती आली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत काय असावं, ते तेव्हा ठरलं. ४४६ बाइटांत एक इवलासा प्रोग्रॅम, ६४ बाइटांत डिस्कच्या चार वाटण्यांचा, म्हणजे पार्टिशनांचा, तक्ता, दर वाटणीला १६ बाइट, आणि उरलेल्या दोन बाइटांत खूण. या जागेला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. संगणक चालू झाला की तो पहिला प्रोग्रॅम तक्त्यात 'ॲक्टिव्ह' असा शिक्का असलेलं पार्टिशन शोधतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. तिथे विंडोजचा बूट मॅनेजर बसलेला असतो. कोणतं विंडोज कुठे आहे याची यादी त्याच्याकडे असते, आणि तो त्याप्रमाणे खऱ्या विंडोजला हाक मारतो. निळ्या पडद्यावरच्या दोन ओळी म्हणजे तीच यादी. विंडोज ७ ने त्यासाठी १०० एमबीचं एक पार्टिशन वेगळं काढलं होतं, 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' नावाचं, आणि त्याला अक्षर दिलं नव्हतं. म्हणून ते माय कॉम्प्युटरमध्ये कधी दिसलं नाही.

विंडोज १० टाकताना मी दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवल्या होत्या. जुन्या डिस्कवर बूट मॅनेजर आधीच आहे म्हटल्यावर त्याच यादीत नव्या विंडोजचं नाव लिहिलं गेलं. चूक माझी होती. नवी सिस्टिम टाकताना दुसरी डिस्क काढून ठेवली असती तर एसएसडीने आपली दारं-खिडक्या स्वतःच घडवल्या असत्या.

ही गुंतागुंत केबल न काढताही दिसू शकते. डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि प्रत्येक पार्टिशनखाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे 'सिस्टिम' आणि 'बूट' असे दोन शब्द असतात, आणि त्यांचे अर्थ नेमके उलटे आहेत. ज्यावर विंडोज आहे ते 'बूट', आणि संगणक जिथून सुरू होतो ते 'सिस्टिम'. आत्याकडे 'बूट' एसएसडीवर होतं आणि 'सिस्टिम' जुन्या डिस्कवरच्या त्या १०० एमबीवर. 'सिस्टिम' लिहिलेल्या पार्टिशनवर उजवं क्लिक केलं तर ते पुसायचा पर्याय फिका असतो, दाबता येत नाही. विंडोज इथे जीव वाचवत असतं. लोकांना मात्र ती अडवणूक वाटते, मग ते डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडतात किंवा इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून तिथे पार्टिशन उडवतात. तिथे अडवायला कुणी नसतं. दुसऱ्या डिस्कवरचं जुनं विंडोज काढलं आणि नवं उठेना, अशा बहुतेक गोष्टींचं मूळ या आडवाटेत असतं.

आणखी एक अर्धवट प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो. आत्याच्या डिस्कवर जुनं विंडोज असलेलं मोठं पार्टिशन विनातक्रार फॉरमॅट झालं असतं, कारण 'सिस्टिम' वेगळं होतं. संगणकही सुरू होत राहिला असता. सगळ्यांना वाटलं असतं काम झालं. पण नवं विंडोज अजूनही त्या थकलेल्या डिस्कच्या १०० एमबीवर टेकलेलं राहिलं असतं, आणि ती डिस्क ज्या दिवशी बंद पडली असती त्या दिवशी धडधाकट एसएसडीही उठली नसती. कारण कुणालाच उमगलं नसतं.

दुरुस्ती वाटते त्याहून सोपी असते. आत्याच्या संगणकात मी विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनातून एसएसडीवरच्या सी पार्टिशनला 'ॲक्टिव्ह' शिक्का दिला. मग ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने उघडलेल्या कमांड खिडकीत बीसीडीबूट ही आज्ञा दिली. तिला तीन गोष्टी सांगायच्या असतात: विंडोजचं फोल्डर कुठे आहे, सुरुवातीच्या फाइली कोणत्या पार्टिशनवर मांडायच्या, आणि संगणक जुन्या बायोस पद्धतीने सुरू होतो की नव्या यूईएफआय पद्धतीने. ती नवी यादी तयार करते. बायोसमध्ये एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणली, जुन्या डिस्कच्या केबली पुन्हा काढल्या, आणि या वेळी विंडोज १० सरळ उघडलं. निळा पडदा आलाच नाही, कारण नव्या यादीत एकच नाव होतं.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक संगणकांवर यूईएफआय पद्धत असते. तिथे ॲक्टिव्ह शिक्का नसतो. सुरुवातीच्या फाइली ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या, फॅट३२ पद्धतीच्या छोट्या वाटणीत राहतात. पेच तोच: दुसऱ्या डिस्कवर अशी वाटणी आधीपासून असेल तर नवं विंडोज तिथेच बिऱ्हाड करू शकतं. दुरुस्तीसाठी नव्या डिस्कवर सी ड्राइव्ह तीनेकशे एमबीने आकसवून तिथे नवी ईएफआय वाटणी करावी लागते आणि मग बीसीडीबूट चालवावी लागते. या संगणकांवर हात घालण्याआधी बिटलॉकर बघा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की बऱ्याच संगणकांवर हे कुलूप आपोआप लागतं, आणि सुरू होण्याच्या रीतीत बदल दिसला की ते ४८ अंकी किल्ली मागतं. ती कागदावर लिहून हाताशी असल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही.

जुनी सिस्टिम लिनक्स असेल तर तिचा ग्रब हा बूट लोडर संगणकाच्या दारात बसलेला असतो, पण त्याचं बरंचसं सामान लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतं. ते पुसलं की पडद्यावर ग्रबची ओळ तेवढी लुकलुकत राहते, पुढे काही नाही. म्हणून आधी विंडोजचा बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणून संगणक त्याने सुरू होतोय याची खात्री करावी, आणि पार्टिशन मग काढावं. लिनक्सची पार्टिशनं विंडोजला वाचता येत नाहीत, आणि जोडलेली डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा असं ते अगत्याने सुचवतं. आतला डेटा हवा असेल तर त्या खिडकीला नाहीच म्हणायचं.

आत्याची डिस्क मी पंधरा दिवस केबली काढलेल्या अवस्थेत ठेवली. आत्या बाहेरच्या डिस्कवरून काम करत होती. मला या पंधरवड्याचं मोल फार वाटतं, कारण आपण काय विसरलो ते यादी करून सापडत नाही, काम करताना सापडतं. तिसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, गणपतीची आणि कलशाची चित्रं कुठेत? पत्रिकेवर टाकायची ती." ती चित्रं जुन्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये, एका सीडीवरून आलेल्या चित्रसंग्रहाच्या फोल्डरात होती. ती सीडी केव्हाच हरवली होती. प्रोग्रॅम फाइल्समध्ये स्वतःचं काही नसतं असं मी गृहीत धरलं होतं. पुढच्या रविवारी जाऊन डिस्क जोडली, ते फोल्डर उतरवलं, केबली पुन्हा काढल्या. नंतर फोन आला नाही.

पुसण्याच्या दिवशी बाहेरची डिस्क, पेन ड्राइव्ह, सगळं काढून ठेवलं आणि जुनी डिस्क जोडली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जमेल तेवढं तिथेच करावं, कारण ते प्रत्येक वेळी विचारतं. डिस्कपार्टमधली 'क्लीन' आज्ञा काहीच विचारत नाही. एंटर दाबलं की पार्टिशनचा तक्ता गेला. संरक्षित छोटी पार्टिशनं उरली की तिची गरज पडते, पण मग डिस्क क्रमांकावरून ओळखू नये. शून्य क्रमांकाची डिस्क म्हणजे मुख्य डिस्क, हा समज खोटा ठरू शकतो. आकारावरून ओळखावी. ५०० जीबीची डिस्क विंडोजला ४६५ दिसते आणि २४० ची २२३, कारण कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. मी आकडा मोठ्याने वाचला, आत्याकडून वाचवून घेतला, आणि मग एंटर दाबलं.

डिस्क घरातच राहणार होती म्हणून एवढं पुरे होतं. विकायची किंवा भंगारात द्यायची असती तर नसतं पुरलं. 'क्लीन' किंवा क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका फाडतात, पानं तशीच राहतात. एमआयटीत शिकणाऱ्या सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. उरलेल्यांत पाच हजारांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. एक डिस्क तर इलिनॉयमधल्या एटीएम यंत्रातली निघाली, खातेक्रमांकांसकट. हा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर एकदा सगळीकडे शून्यं लिहिली की पुरतं. व्हिस्टापासून क्विक नसलेलं पूर्ण फॉरमॅट तेच करतं. ३५ वेळा पुसण्याची जी पद्धत अजून ऐकू येते, ती १९९६ च्या एका निबंधातून आली, तेव्हाच्या डिस्कसाठी. एसएसडीचं शास्त्र वेगळं आहे. ती झीज वाटून घेण्यासाठी लिहिलेलं सतत इकडून तिकडे हलवते, म्हणून वरून शून्यं लिहिली तरी कोपऱ्यात काही उरू शकतं. तिच्यासाठी निर्मात्याच्या साधनातलं सिक्युअर इरेज वापरावं.

आत्याच्या डिस्कवर मी तरीही पूर्ण फॉरमॅटच केलं, कारण ते करताना खराब झालेल्या जागाही तपासल्या जातात. दोनेक तास लागले. तोवर आम्ही चहा घेतला आणि तिने दोन पत्रिकांची प्रुफं तपासली. एकही खराब जागा निघाली नाही, पण डिस्क जुनी, म्हणून तिच्यावर फक्त दुसरी प्रत राहील असं ठरलं. मूळ काम एसएसडीवर आणि बाहेरच्या डिस्कवर.

संगणक पुन्हा सुरू केला. आत्याने बाहेरच्या डिस्कवरून २००९ मधली एक पत्रिका उघडली, कोरलड्रॉने कोणताही फॉन्ट मागितला नाही, आणि मजकूर जसाच्या तसा उमटला. "डीला नाव काय द्यायचं?" मी विचारलं. तिने कळफलक स्वतःकडे ओढून टाईप केलं: खण.